‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या दुष्काळी गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती या जोडीच्या नावावर. जोडीतली बाई गरोदर आहे म्हणून उचल कमी होत नाही आणि फेडायचं कामही कमी होत नाही. पहाटे अंधारात फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. कोपीवर परतल्यावर पाणी भरायचं, चूल पेटवायची, मोठ्या लेकरांना जेवू घालायचं. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत, काही जणी तर कळा येईपर्यंत, फडातच असतात.

याच दिवसांत पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सदनिकेत दुसरी गरोदर बाई लॅपटॉपसमोर बसलेली असते. तिच्या घरी फळं आहेत, सोनोग्राफी वेळेवर होते, मोबाइलवर गर्भसंस्काराचं अॅप आहे. पण घराचे हप्ते आहेत, कामाच्या तारखा आहेत, रजेवर गेल्यावर आपली जागा राहील का ही धास्ती आहे. शिवाय ‘आई आनंदी तर बाळ आनंदी’ हे वाक्य दिवसातून अनेकदा कानावर पडत असल्यामुळे आपण आनंदी नाही याचाच तिला धसका बसलेला असतो.

या दोघींच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सल्ला मात्र दोघींना एकच मिळतो: टेन्शन घेऊ नकोस. जणू टेन्शन ही बाईने हौसेने घेतलेली वस्तू आहे आणि मनात आणलं तर ती खाली ठेवता येईल.

गरोदरपणातल्या ताणाचा बाळावर परिणाम होतो का, यावर जगभर गेली कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. होतो, असं त्यांतले बरेचसे अभ्यास सांगतात. पण तेच अभ्यास आणखी दोन गोष्टी सांगतात आणि त्या आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. पहिली, हा परिणाम अटळ नसतो. बहुसंख्य बाळं सुखरूप असतात. दुसरी, बाईच्या मनात काय चाललंय याइतकंच, काही बाबतींत त्याहून जास्त, तिच्यावर काय ओढवलंय याला महत्त्व असतं. आणि जे ओढवलंय ते हलकं करणं तिच्या एकटीच्या हातात नसतं.

बर्फाच्या वादळाने दाखवलेली वाट

ताणाचा अभ्यास करणं अवघड असतं. गरोदर बायकांचे दोन गट करून एका गटाला मुद्दाम ताण द्यायचा, असा प्रयोग कुणी करू शकत नाही. ज्या बायका मुळातच चिंताग्रस्त असतात त्यांची मुलं पुढे चिंताग्रस्त निघाली, तर ते गर्भातल्या ताणामुळे झालं की आईकडून आलेल्या जनुकांमुळे, हेही सांगता येत नाही. म्हणून संशोधकांनी आपत्तींकडे पाहिलं. भूकंप किंवा पूर स्वभाव बघून घरात शिरत नाही.

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाचं वादळ आलं. तारांवर, खांबांवर, झाडांवर बर्फाचे जाड थर चढले आणि विजेचे मनोरे मोडून पडले. ऐन कडाक्याच्या थंडीत सुमारे ३० लाख लोकांची वीज गेली. कुठे काही तासांत परत आली, कुठे महिना उलटून गेला तरी आली नाही. मॉन्ट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझान किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या, किंवा लगेचच्या तीन महिन्यांत गरोदर राहिलेल्या बायकांना गाठलं आणि त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं नोंदवत नेली.

किंग यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एक म्हणजे प्रत्यक्ष हाल: किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, पैशाचं किती नुकसान झालं, कुणाला इजा झाली का. दुसरी म्हणजे त्या बाईला त्याचा मनस्ताप किती झाला. मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या आयांचे प्रत्यक्ष हाल अधिक झाले होते त्यांची भाषा आणि आकलन सरासरीने मागे होतं. साडेपाच वर्षांच्या वयातही हा फरक पुसला गेला नव्हता. तेरा वर्षांच्या वयात काही मुलांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा जनुकांचं काम चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांमध्येही आईच्या प्रत्यक्ष हालांशी जुळणारे फरक सापडले. आईने सांगितलेल्या मनस्तापाशी मात्र त्या खुणांचा तसा मेळ बसला नाही.

हा अभ्यास लहान होता आणि एकट्या अभ्यासावर सगळा डोलारा उभा करता येत नाही. तरीही त्याचा रोख नीट पाहायला हवा. घरात वीज आहे का, अंगावर ऊब आहे का, खिशात पैसा आहे का, या गोष्टी आईच्या मनःस्थितीला वळसा घालूनही बाळापर्यंत पोहोचू शकतात.

त्याआधीची एक कहाणी वैद्यकाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त फौजांना मदत व्हावी म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला. सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. त्या हिवाळ्यात अॅमस्टरडॅमसारख्या शहरात माणशी दिवसाचा शिधा १००० कॅलरींच्या खाली, काही आठवडे तर त्याच्या निम्म्यावर आला. मे १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत २० हजारांहून अधिक माणसं मेली. भूक, थंडी आणि भीती यांचा तो एकत्र मारा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्या बायकांनी तो सोसला त्यांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास हलकी जन्मली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांनी सोसला त्यांची बाळं जन्मताना धडधाकट वाटली, पण मोठेपणी त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयविकार अधिक आढळले. स्किझोफ्रेनियाचं प्रमाणही सुमारे दुप्पट निघालं. गर्भातल्या दिवसांचा हिशेब शरीर पन्नास वर्षं जपून ठेवतं, हे जगाला तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे दिसलं.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळले, तेव्हा त्या परिसरात असलेल्या गरोदर बायकांचा अभ्यास रेचल यहूदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्यांना त्या आघाताचा मानसिक आजार जडला, त्यांच्या वर्षभराच्या बाळांच्या लाळेत कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वेगळी, म्हणजे कमी दिसली. ज्या बायका तेव्हा शेवटच्या तिमाहीत होत्या त्यांच्या बाळांमध्ये हे अधिक ठळक होतं.

आणि मग चिली. जून २००५ मध्ये उत्तर चिलीच्या तारापाका भागात मोठा भूकंप झाला. तेव्हा पहिल्या तिमाहीत असलेल्या बायकांची बाळं सरासरी पन्नासेक ग्रॅम हलकी जन्मली आणि मुदतीआधी जन्मणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. समाजशास्त्रज्ञ फ्लोरेन्सिया तोर्चे यांनी हीच मुलं सातेक वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. गरीब घरांतल्या मुलांच्या आकलनावर भूकंपाचा ठसा उरला होता. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांमध्ये तो उरला नव्हता. जमीन दोघांच्याही पायाखालची हादरली होती. एकांच्या घरात ते नुकसान भरून काढायला वेळ, पैसा आणि आधार होता. दुसऱ्यांच्या घरात नव्हता.

पोटात काय घडतं

संकट दिसलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावते आणि रक्तात अॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल वाढतात. नाडी जलद होते, साखर रक्तात उतरते, शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. संकट टळलं की सगळं पूर्वपदावर येतं. ही व्यवस्था जीव वाचवणारी आहे.

कॉर्टिसॉलला विष समजणं चूक आहे. गरोदरपणात ते आईच्या रक्तात नैसर्गिकपणेच वाढत जातं आणि बाळाला त्याची गरजही असते. फुप्फुसं पिकायला तेच लागतं. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की मुदतीआधी प्रसूतीची लक्षणं असलेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. आज जगभर हा उपचार रोज बाळांचे प्राण वाचवतो.

प्रश्न मात्रेचा आणि मुदतीचा असतो. आईच्या आणि बाळाच्या मध्ये वार असते. वारेत एक विकर असतं, ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करून टाकतं. वार इथे गाळणीचं काम करते. आई दीर्घकाळ धास्तीत असेल तर हे विकर कमी पडू शकतं, असे पुरावे मिळाले आहेत. मग गाळणी सैल होते आणि बाळाच्या घडत्या मेंदूपर्यंत जास्त कॉर्टिसॉल जातं. दुसरी वाट रक्तपुरवठ्याची. लंडनच्या व्हिव्हेट ग्लोव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अल्ट्रासाउंडने पाहिलं, तेव्हा अतिशय चिंताग्रस्त बायकांच्या गर्भाशयाच्या धमन्यांत रक्तप्रवाहाला अडथळा जास्त आढळला. तिसरी वाट वेळेची. प्रसूती कधी सुरू व्हायची यात वारेतून तयार होणाऱ्या एका संप्रेरकाचा वाटा असतो. दीर्घ ताणात ते लवकर वाढलं तर कळाही लवकर येऊ शकतात. याशिवाय ताणात झोप उडते, अन्न जात नाही, तंबाखू-मिश्रीकडे हात जातो, तपासण्या चुकतात. शरीरातल्या आणि घरातल्या या वाटा एकमेकींना मिळतात.

नवजात बाळात याचं दर्शन काय होतं? ३७ आठवड्यांच्या आत जन्म, अडीच किलोपेक्षा कमी वजन, हे मोजता येण्यासारखं. न मोजता येणारं म्हणजे बाळ लवकर दचकतं, सहज शांत होत नाही, झोप तुटक असते. अशी बाळं जन्माला येण्याची शंभर कारणं असतात, त्यांपैकी आईचा ताण एक. म्हणून किरकिरं बाळ दिसलं की ‘तूच नऊ महिने रडत होतीस’ असं बाळंतिणीला सुनावणं हे विज्ञानही नाही आणि माणुसकीही नाही.

किती घाबरायचं?

हा लेख कुणी गरोदर बाई वाचत असेल तर तिने हा भाग सावकाश वाचावा.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ मध्ये सुमारे १४ हजार गरोदर बायकांची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. तो आजही चालू आहे. त्यात चिंतेच्या मोजणीत सर्वांत वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या बायकांच्या मुलांमध्ये, पुढे तेरा वर्षांपर्यंत, मानसिक आजाराचा धोका सुमारे दुप्पट दिसला. दुप्पट हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो. आकडा मात्र असा आहे: इतर मुलांमध्ये शंभरात सुमारे सात, या मुलांमध्ये शंभरात बारांहून थोडी अधिक. म्हणजे सर्वांत चिंताग्रस्त आयांच्याही शंभरातल्या ८५ हून जास्त मुलांना असा आजार नव्हता.

रोजची धावपळ, सासूशी झालेली कुरबुर, ऑफिसातली बोलणी, सोनोग्राफीच्या आदल्या रात्रीची काळजी यांनी बाळाचं नुकसान होतं असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॅनेट डिपिएट्रो यांनी निरोगी, स्थिर आयुष्य असलेल्या बायकांचा अभ्यास केला, तेव्हा सौम्य ते मध्यम ताण अनुभवलेल्या आयांची मुलं दोन वर्षांच्या वयात थोडी पुढेच असल्याचं दिसलं. काळजी करण्यासारखा ताण वेगळा असतो. तो आठवडे-महिने हटत नाही. त्याच्या मुळाशी मारहाण, भूक, कर्ज, जवळच्या माणसाचा मृत्यू, अंगमोड काम किंवा उपचार न झालेलं नैराश्य असतं.

जन्मानंतरही दारं बंद होत नाहीत. ग्लोव्हर यांच्याच गटाने गर्भजलातलं कॉर्टिसॉल मोजून पुढे त्या मुलांचं आकलन तपासलं. ज्या मुलांचं आईशी नातं अस्थिर होतं त्यांच्यात जास्त कॉर्टिसॉल आणि कमी गुण यांचा संबंध दिसला. ज्या मुलांचं आईशी नातं घट्ट, भरवशाचं होतं त्यांच्यात तो संबंध दिसलाच नाही. इंग्लंडमधल्याच आणखी एका अभ्यासात, गरोदरपणी खिन्न असलेल्या आयांपैकी ज्यांनी पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या अंगावरून वारंवार हात फिरवला, त्यांच्या बाळांवर त्या खिन्नतेचा परिणाम कमी आढळला. आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन तेल लावण्याची रीत घराघरात आहे. ती नाजूक हातांनी, प्रेमाने चालू राहावी, एवढं सांगायला हे संशोधन पुरेसं आहे.

गोवा आणि पुणे: आपल्या दारातला पुरावा

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० बायकांची नोंद केली. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के जणी नैराश्यात असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या बहुतेक जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. कारणं शोधली तेव्हा गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि त्याची मारहाण पुढे आली. मुलगी झाली म्हणून वाट्याला येणारं दुःख त्यात भर घालत होतं. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात फारच कमी वजनाची असण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. गरोदरपणातला मानसिक त्रास आणि जन्मावेळचं कमी वजन यांचा संबंधही याच गटाने २००६ मध्ये मांडला.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएम रुग्णालयामार्फत १९९३ पासून जवळच्या सहा गावांमध्ये गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोच्या आसपास भरत. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोच्या. आपली बाळं हाडकुळी दिसत असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र टिकून होतं, आणि पुढच्या मधुमेहाची बीजं तिथे असावीत, हा या अभ्यासाचा जगभर गाजलेला निष्कर्ष. त्याच अभ्यासातलं एक काम मात्र कमी बोललं गेलं. संशोधकांनी बायकांच्या दिवसभराच्या कामाची नोंद घेतली: शेतातलं, घरातलं, पाणी आणण्याचं. ज्या बायका जास्त राबत होत्या त्यांची बाळं हलकी होती, त्यांच्या डोक्याचा घेर लहान होता, दंडही बारीक होते. खाण्यापिण्यातला फरक हिशेबात धरूनही हा फरक उरला.

म्हणजे गरोदर बाईच्या डोक्यावरचा हंडा खाली उतरवणं हा बाळाच्या मेंदूवरचा उपचार आहे. ऊसतोडीच्या फडात डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचा विचार या पुराव्याच्या उजेडात करायला हवा. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ज्या धंद्यात बाईचं गर्भाशयच कामातला अडथळा ठरतं, तिथे गर्भारपण सुखाचं कसं असेल?

गर्भसंस्कार आणि माहेर

महाराष्ट्रात गर्भसंस्काराची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. वर्ग, पुस्तकं, सीडी आणि आता अॅप. शांत संगीत ऐकलं, चांगलं वाचलं, श्वासाचे व्यायाम केले तर आईला बरं वाटतं आणि ते कुणी नाकारू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हेही प्रयोगांनी सिद्ध झालं आहे. पण हुशार, गोरं, संस्कारी बाळ घडवण्याची हमी देणारे दावे विज्ञानाच्या पाठबळाशिवाय केले जातात. त्यापेक्षा गंभीर गोष्ट ही, की अभिमन्यूची गोष्ट सांगून बाळाचं सगळं भवितव्य आईच्या मनःस्थितीवर टांगलं जातं. जिला रडू येतं तिला आपण गुन्हेगार आहोत असं वाटू लागतं. तिला मदतीची गरज असते, तेव्हाच तिचं तोंड बंद होतं.

आपल्या परंपरेतली खरी मोलाची गोष्ट दुसरी आहे. सातव्या महिन्यानंतर लेकीला माहेरी आणायचं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सव्वा महिना बाळंतिणीला चुलीपासून दूर ठेवायचं, तिच्या पानात डिंकाचे-अळिवाचे लाडू वाढायचे. या रीतीत बाईला उपदेश कमी आणि विसावा जास्त होता. तिचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायचं, हे त्यात गृहीत होतं. डोहाळजेवणाचे झोपाळे आणि फोटो वाढले, आणि हा विसावा मात्र आटत चालला. उचल घेतलेल्या बाईला माहेर परवडत नाही. शहरातल्या मुलीची आई स्वतः नोकरीत असते किंवा आजारी असते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या मराठी मुलीकडे आई व्हिसाच्या मुदतीपुरती येते. जिथे माहेर पोहोचत नाही तिथे समाजाने माहेर व्हायला हवं.

काय केलं की फरक पडतो

याची उत्तरं सापडलेली आहेत आणि ती महागडी नाहीत.

जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन शहरात पूर आला. तिथल्या काही गरोदर बायकांना सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत ओळखीची एकच सुईण भेटत होती, तर इतरांना दर तपासणीला नवा चेहरा. ज्यांना एकच सुईण होती त्यांच्या बाळांच्या सहाव्या महिन्यातल्या वाढीवर पुराच्या ताणाची तशी छाया दिसली नाही. आपल्याकडे आशाताई हे काम करू शकतात. गावातली गरोदर बाई त्यांना नावाने माहीत असते, तिच्या घरात काय चाललंय हेही ठाऊक असतं. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर त्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळाला पाहतात. या घरपोच सेवेचं मूळ डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामात आहे. तिथे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. त्याच भेटीत ‘बाळ दूध पितं का?’ याच्यासोबत ‘तुला झोप लागते का? रडू येतं का? घरात कुणी हात उगारतं का?’ हे विचारायचं प्रशिक्षण आशाताईंना मिळावं. आणि त्यासाठी त्यांना वेळेवर, पुरेसा मोबदलाही मिळावा.

असं विचारल्याने खरंच काही होतं का? पाकिस्तानातल्या रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांमध्ये डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना संवादातून आधार द्यायची साधी पद्धत शिकवली. शेवटच्या तिमाहीत नैराश्यात असलेल्या ९०३ बायकांचा हा अभ्यास होता. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नेहमीच्या भेटी मिळालेल्या बायकांपैकी ५३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ही मदत मिळालेल्यांपैकी २३ टक्के. त्यांच्या बाळांना जुलाब कमी झाले आणि लसीकरण जास्त झालं. गोव्यात ‘संगत’ संस्थेने हीच पद्धत शेजारपाजारच्या साध्या बायकांना शिकवून वापरली. त्यांना ‘सखी’ म्हटलं गेलं. तिथेही नैराश्यातून बाहेर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी दवाखाना हीच बऱ्याचदा एकमेव सुरक्षित जागा असते, कारण तपासणीला जायला तिला कुणी अडवत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच विचाराने. गरोदर मातांच्या तपासणीसाठी दर महिन्याची ९ तारीख सरकारने राखून ठेवली आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिलं जातं. त्याच रांगेत, नवरा-सासू बाहेर बसलेले असताना, मनाबद्दलचे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये मानसिक आजार असलेल्या आईला बाळासह दाखल करून घेणारा कक्ष २००९ पासून चालतो. तशी सोय महाराष्ट्राच्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असायला हवी.

बाळ मुदतीआधी, कमी वजनाचं जन्मलंच, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं हा उपचार आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी काचपेट्या कमी पडल्या म्हणून तो सुरू केला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलेल्या लहानग्यांचे मृत्यू एक-चतुर्थांशाने घटले. त्यासाठी आईला अतिदक्षता कक्षात बाळाजवळ जागा द्यावी लागते. तिला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणारी पद्धत आता तरी मोडायला हवी.

कायदा कुणापर्यंत पोहोचतो

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बँकेतल्या, शाळेतल्या, मोठ्या कंपनीतल्या बाईला ती मिळाली. फडात, शेतात, बांधकामावर, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगारच नाही, तर पगारी रजा कुठून? तिच्यासाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ हक्क म्हणून लिहून ठेवला. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांत. दुसऱ्या बाळासाठी ६००० रुपये, पण ती मुलगी असेल तरच. ऊसतोडीच्या हंगामात बाई ज्या गावात राबते तिथे तिचं नाव नसतं आणि जिथे नाव असतं तिथे ती नसते. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये गरोदर बायकांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राने सुरू केली. साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामभर तसं जेवण आणि तपासणी का देता येऊ नये, याचं उत्तर कारखान्यांनी आणि सरकारने द्यायला हवं.

मागणी स्पष्ट आहे. सातवा महिना लागला की गरोदर बाई फडात उतरणार नाही आणि तिच्या वाट्याची उचल त्या हंगामात वसूल केली जाणार नाही, हा नियम झाला पाहिजे. त्या उचलीचा भार कारखाना, ऊसतोड कामगारांसाठीचं महामंडळ आणि सरकार यांनी मिळून सोसावा. साखरेच्या एकूण उलाढालीपुढे हा खर्च किरकोळ आहे आणि अशक्त, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर पुढे होणाऱ्या खर्चापुढे तर तो काहीच नाही.

घरातल्या माणसांचं काम त्याहून सोपं आहे. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर तिला ‘आनंदी राहा’ असं सांगण्याआधी तिच्या हातातलं एक काम कायमचं आपल्याकडे घ्या. पाणी तुम्ही भरा, रात्रीची भांडी तुम्ही घासा, कर्जाची बोलणी तिच्यासमोर करू नका, मुलगा की मुलगी हा विषय काढू नका. ती सलग दोन आठवडे उदास असेल, खात-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. गरोदरपणात चालणारे उपचार आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मराठीतून बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिला मदतवाहिनी आहे. हे दोन क्रमांक आजच तुमच्या ओळखीतल्या प्रत्येक गरोदर बाईपर्यंत, शक्यतो तिच्या स्वतःच्या फोनमध्ये, पोहोचवा.